कोणाचे ऐकायचे?

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या युवक शिबिरांत एक प्रश्न हमखास येतो. चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवले, की बऱ्याच चिठ्ठ्यांत तोच असतो, शब्द तेवढे वेगळे : माझ्या आयुष्यासाठी देवाची योजना काय आहे? विचारणाऱ्याच्या मनात अगदी ठोस गोष्टी असतात. नर्सिंगला जावे की बी.एड. करावे, पुण्यात नोकरी पाहावी की परदेशचा रस्ता धरावा, घरच्यांनी काढलेल्या स्थळाला होकार द्यावा की थांबावे. हे प्रश्न क्षुल्लक नाहीत, त्यांच्यापायी झोप उडालेली तरुण मुले मंडळीच्या प्रत्येक पाळकाने पाहिली आहेत. पण त्यांच्या बुडाशी एक समजूत असते. देवाने प्रत्येकाच्या नावाचे एक पाकीट बंद करून ठेवले आहे. ते सापडले आणि फोडता आले तर आयुष्य सार्थकी लागले, नाही तर जन्म वाया गेला, अशी ती समजूत.

हे पुस्तक त्या समजुतीला हात घालते. माणसाच्या जगण्याला हेतू आहे आणि तो देवाने दिलेला आहे, हे पुस्तक मान्यच करते. मात्र तो हेतू गुप्त नाही, असे त्याचे म्हणणे आहे. देवाचा मान राखणे आणि त्याचे ऐकणे यातच तो आहे. हे उत्तर इतके सरळ आहे की पुष्कळांना ते उत्तरच वाटत नाही. म्हणून ते उलगडून सांगावे लागते, आणि त्याचा जो दुरुपयोग झाला आहे त्याचाही हिशेब मांडावा लागतो. या प्रस्तावनेचे काम तेवढेच.

पवित्र शास्त्रात आयुष्याच्या हेतूचा प्रश्न सर्वांत निर्भीडपणे विचारला आहे तो उपदेशकाच्या पुस्तकात. त्याचा लेखक ज्ञान मिळवून पाहतो, ऐषआराम करून पाहतो, वाडे बांधतो, बागा लावतो, धन साठवतो, आणि प्रत्येक वेळी हात झटकून म्हणतो की हे सगळे वाऱ्यामागे धावणे आहे. शेवटी तो ज्या निष्कर्षाला येतो तो दोन ओळींत मावतो : देवाचे भय धर आणि त्याच्या आज्ञा पाळ. मीखा संदेष्ट्याकडे गेले तर तोही गूढ काही सांगत नाही. न्यायाने वागावे, दयेची ओढ असावी, देवासमोर नम्रपणे चालावे, एवढेच देव मागतो असे तो सांगतो. अब्राहामाला तर कुठे जायचे आहे हेही सांगितलेले नव्हते. आपला देश सोड आणि मी दाखवीन तिकडे जा, एवढीच आज्ञा होती. नकाशा मिळण्याआधी त्याने पाऊल टाकले, आणि त्याच्या विश्वासाची कथा तेथून सुरू झाली.

म्हणजे शास्त्राचा क्रम आपल्या क्रमाच्या उलट आहे. आपण म्हणतो, आधी हेतू कळू दे, मग त्याप्रमाणे वागू. शास्त्र म्हणते, जे कळले आहे त्याप्रमाणे वाग, हेतू चालता चालता उमगेल. ज्याला आपल्या शेजाऱ्याशी खोटे बोलू नये हे ठाऊक आहे, त्याला देवाच्या योजनेचा पहिला भाग मिळालेला आहे. तो अमलात न आणता पुढचा भाग मागणे हे पुष्कळदा टाळाटाळीचेच एक रूप असते.

ख्रिस्ती परंपरेच्या दोन अगदी भिन्न शाखांनी हा विचार सूत्ररूपाने मांडला आहे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या प्रॉटेस्टंट धर्मपंडितांनी १६४७ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे जी लघुप्रश्नोत्तरी तयार केली, तिचा पहिलाच प्रश्न मानवी जीवनाच्या मुख्य हेतूविषयी आहे. देवाचे गौरव करावे आणि सदैव त्याच्या ठायी आनंद मानावा, अशा आशयाचे तिचे उत्तर आहे. त्याआधी शंभर वर्षे, येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथाच्या आरंभी असाच पाया घातला होता : मनुष्य देवाची स्तुती, आदर आणि सेवा करण्यासाठी निर्माण झाला आहे, आणि बाकी सर्व वस्तू या हेतूला जितक्या उपयोगी पडतील तितक्याच वापराव्यात. मराठी मुलखाशी या दोन्ही धारांचा जवळचा संबंध आहे. इग्नेशियसच्या संघातले इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आले, आणि त्यांनी मराठी ओवीत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापून निघाले. वेस्टमिन्स्टरचा वारसा मानणारे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन पुढे कोल्हापूर-मिरज भागात काम करू लागले. उपासनेची रीत, धर्मगुरूचा अधिकार, संतांचे स्थान या बाबतींत हे दोन पंथ भांडत आले आहेत. माणूस कशासाठी जन्माला आला, या एका प्रश्नावर मात्र त्यांची भाषा जवळजवळ एकच आहे.

वेस्टमिन्स्टरच्या उत्तरातला दुसरा अर्धा भाग आपण बहुधा विसरतो. देवाच्या ठायी आनंद मानणे हाही हेतूचाच भाग आहे. आज्ञा पाळणाऱ्याचे तोंड आंबट असलेच पाहिजे असे शास्त्रात कुठे नाही. स्तोत्रकर्ता नियमशास्त्राविषयी बोलतो तेव्हा तो एखाद्या प्रिय वस्तूविषयी बोलावे तसा बोलतो. शिस्त आणि सुख यांचे वैर आहे असे धरून चाललेल्या काळात हे पुन्हा सांगण्याची गरज आहे.

देवाचे गौरव हा शब्दप्रयोग आपल्या प्रार्थनांत इतका घासला गेला आहे की त्याचा अर्थ गाणी म्हणणे एवढाच उरला आहे. संदेष्ट्यांनी हा भ्रम फार पूर्वी फोडला होता. आमोसाच्या पुस्तकात देव सणांना आणि गीतांच्या गोंगाटाला विटलेला दिसतो, कारण ती गीते गाणारेच गरिबाला वहाणांच्या जोडासाठी विकत होते. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या शेवटच्या न्यायाच्या चित्रात राजा कोणाला किती स्तोत्रे पाठ आहेत हे विचारत नाही. भुकेल्याला अन्न दिले का, परक्याला घरात घेतले का, आजाऱ्याला आणि तुरुंगातल्या माणसाला भेटायला गेलात का, हे विचारतो. देवाचा मान कसा राखला जातो याची ही कसोटी आहे, आणि तिच्यात उपासनेला गालबोट नाही. उपासनेत ज्याच्यापुढे गुडघे टेकले त्याचे सोमवारी बाजारात ऐकले गेले की नाही, एवढाच तिचा रोख आहे.

आता आज्ञापालनाकडे. मराठी वाचकाच्या कानाला हा शब्द सहज गोड लागणार नाही, आणि लागूही नये. या भूमीत धर्माच्या नावाने माणसांना पिढ्यान्‌पिढ्या आज्ञेत ठेवले गेले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ज्या ग्रंथाला गुलामगिरी हे नाव दिले, त्याचा विषय हाच होता. गावकुसाबाहेरून मिशनच्या आवारात आलेल्या अनेकांच्या वाट्याला तेथेही नवे मालक आले. पगार, शाळेतला प्रवेश, दवाखान्यातली नोकरी ज्यांच्या हाती, त्या मिशनरी साहेबांचे ऐकणे आणि देवाचे ऐकणे यांतला फरक पुष्कळदा पुसला गेला. मिशनरी गेल्यावर त्यांच्या खुर्च्यांवर आपलीच माणसे बसली, आणि फरक फारसा ठळक झाला नाही. घरातही हेच. आईबापांचा मान राख ही दहा आज्ञांतली आज्ञा मुलीच्या मनाविरुद्ध तिचे लग्न लावण्यासाठी वापरली गेली आहे. पत्नीने अधीन असावे हे पौलाचे वाक्य मार खाणाऱ्या बाईला ऐकवले गेले आहे. त्याच्याच पुढे नवऱ्याने पत्नीसाठी जीव द्यावा असे लिहिले आहे, ते मात्र गिळून टाकले गेले आहे. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाचा आधार घेऊन जर्मनीतल्या असंख्य ख्रिस्ती लोकांनी हिटलरच्या सत्तेपुढे मान तुकवली. त्याच देशात डीट्रिख बोनहोफर या पाळकाने १९३७ मध्ये शिष्यत्वावर पुस्तक लिहून सांगितले की ज्या कृपेसाठी काहीच सोडावे लागत नाही ती स्वस्त कृपा आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबर्गच्या छळछावणीत त्याला फाशी देण्यात आले. दोन्ही बाजूंना आज्ञापालनच होते. ऐकले कोणाचे, यावर सारे अवलंबून होते.

म्हणून या पुस्तकाचा मुख्य मुद्दा असा मांडता येईल : देवाचे ऐकणारा माणूस इतर कोणाचाही पूर्ण चाकर होऊ शकत नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पेत्र आणि इतर शिष्य यहुदी न्यायसभेसमोर उभे राहून सांगतात की माणसांपेक्षा देवाचे ऐकणे आम्हाला भाग आहे. खरे आज्ञापालन ओळखण्याची एक व्यवहारी खूणही येथे सांगून ठेवतो. देवाची आज्ञा नेहमी बलवंताला अधिक आवर घालते. ज्या ‘आज्ञे’मुळे सगळा भार दुबळ्यावर पडतो आणि ती सांगणारा मोकळा राहतो, ती देवाची आहे की सांगणाऱ्याची, याची शंका घेण्याचा प्रत्येक विश्वासणाऱ्याला अधिकार आहे. शंका घेणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

हा मुद्दा मराठी ख्रिस्ती इतिहासात जिच्या चरित्रातून सर्वांत लख्ख दिसतो ती म्हणजे पंडिता रमाबाई. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंना वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, आणि आईने संस्कृत शिकवले; स्त्रीला ते शिकवणे हाच त्या काळी अपराध होता. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी हिंडत त्या कलकत्त्याला पोचल्या आणि तेथल्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न झाले, मुलगी मनोरमा जन्मली, आणि १८८२ मध्ये वैधव्य आले. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात वादळ उठले. फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली.

येथपर्यंतची कथा आपल्या सभांत सांगितली जाते. नंतरची कमी सांगितली जाते. ज्या भगिनींच्या मठात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, त्यांनी आणि बिशपांनी त्यांच्याकडून विनातक्रार आज्ञाधारकपणाची अपेक्षा धरली. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात राहत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातले बिशप आक्षेप घेऊ लागले. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी रमाबाईंना शंका होत्या आणि त्या त्यांनी लपवल्या नाहीत. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. त्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात त्यांची भूमिका स्वच्छ दिसते. हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले ते दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जू घालून घेण्यासाठी नव्हे, या आशयाचे त्यांनी लिहिले. देवाच्या वचनाला त्या बांधील होत्या. त्या वचनाच्या मधे उभ्या राहणाऱ्या माणसांना नव्हत्या. त्या आयुष्यभर शाकाहारी राहिल्या आणि साध्या पांढऱ्या साडीत वावरल्या. ख्रिस्ताचे ऐकायचे म्हणजे इंग्रज व्हायचे, हा हिशेब त्यांनी कधीच मान्य केला नाही.

पुढे ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवले. विधवांना शिक्षण द्यायचे, धर्म शिकवायचा नाही, अशी बोली होती आणि ती त्यांनी पाळली. पण स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना दार लावून घ्यायचे त्यांनी नाकारले. काही मुली तेथे येऊन बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंचे म्हणणे आज शांतपणे वाचता येते, आणि सुधारकांच्या मनात केवळ द्वेष होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्यामागे आधीच बिथरलेला समाज होता. रमाबाईंपुढे प्रश्न असा होता की संस्था वाचवण्यासाठी देवाला लपवायचे का. त्यांनी लपवले नाही, आणि संस्थेची किंमत मोजली.

याच काळाविषयी त्यांनी पुढे लिहिलेल्या साक्षीत एक विलक्षण कबुली आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त भेटला नव्हता, आणि तो बाप्तिस्म्यानंतर कैक वर्षांनी भेटला, असे त्या सांगतात. वादविवादात कोणालाही हार न जाणारी ही विदुषी, नियम बरोबर पाळत असतानाही आपण आतून रिकाम्या होतो असे म्हणते. या पुस्तकाच्या वाचकाने हे विसरू नये. ख्रिस्ती श्रद्धेत आज्ञापालन हे देवाची मर्जी संपादन करण्यासाठी भरलेले शुल्क नाही. कृपा आधी मिळते, ऐकणे मागून येते. इस्राएल लोकांनाही दहा आज्ञा मिळाल्या त्या मिसरातून सुटका झाल्यावर, सुटकेची अट म्हणून नव्हे.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. आपले आईबाप ज्या भुकेने गेले तीच भूक त्यांनी तेथे पुन्हा पाहिली, आणि उपाशी, अत्याचारांना बळी पडणाऱ्या मुलींना घेऊन त्या पुण्याजवळच्या केडगावला आल्या. जवळ पुरेसा पैसा नव्हता, आणि अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षांसाठी दिलेला मदतीचा शब्द १८९८ मध्ये संपणार होता. तरी केडगावातच मुक्ती मिशन वाढले. आंधळ्यांसाठी, वृद्धांसाठी, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी वेगवेगळी सदने झाली. शेती, विणकाम, छपाई ही कामे मुलींच्या हाती आली. स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, आणि त्याची जुळणी-छपाई मुक्तीतल्या मुलींनी केली. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, त्या भाषांतराचे काम हातावेगळे करूनच. आयुष्याचा हेतू कोणता, असे त्यांना विशीत विचारले असते तर केडगावचे नावही त्यांच्या तोंडी आले नसते. प्रत्येक टप्प्यावर समोर आलेल्या आज्ञेला त्यांनी होकार दिला आणि वाट तयार होत गेली.

रमाबाईंच्या जोडीने टिळक पतिपत्नींचे चरित्र वाचायला हवे, कारण त्यात आज्ञापालनाचा दुसरा पैलू आहे. नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पतीच्या मागोमाग जाणे हा त्या काळच्या पत्नीचा धर्म मानला जात असूनही त्या गेल्या नाहीत. ताटातूट सोसली, भांडल्या, रडल्या, आणि पुढे स्वतः विचार करून, जातिभेद हा देवाचा नाही, माणसांचा आहे हे स्वतःला पटल्यावर, १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे सगळे त्यांच्या मिश्कील, निर्मळ शब्दांत मिळते. पतीची आज्ञा म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या असत्या, तर मराठीला ते पुस्तक बहुधा मिळालेच नसते.

टिळकांचा शेवट सफल माणसाचा नव्हता. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानणाऱ्या या कवीला मिशनच्या पगारी चाकरीत गुदमरू लागले. १९१७ मध्ये त्यांनी ती चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सर्व त्यात यावेत अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते गेले. दरबार त्यांच्यामागे तग धरू शकला नाही. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरुवातीच्या अध्यायांवर थांबले होते. ते पुढे नेले फारसे शालेय शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी. एखाद्या जीवनाचा हेतू साधला की नाही, हे त्याच्या यशावरून ठरवायचे असेल तर टिळकांच्या शेवटच्या दोन वर्षांवर काट मारावी लागेल. पण त्यांची उपासना-गीते आजही नगरपासून मुंबईपर्यंत दर रविवारी गायिली जातात, आणि भारतीय राहून ख्रिस्ताला मानता येते का, हा त्यांनी विचारलेला प्रश्न आजही मिटलेला नाही. निकाल आपल्या हातात नाही, ऐकणे तेवढे आहे, हे टिळकांइतके कोणाच्या चरित्रातून शिकता येत नाही.

तिसरे उदाहरण आपल्या अधिक जवळच्या काळातले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले, आणि १९७० मध्ये नगर जिल्ह्यातल्या जामखेडला येऊन काम सुरू केले. लग्नाच्या वेळीच त्यांनी खेड्यातल्या गरिबांची सेवा करण्याचे व्रत घेतले होते. मोठे रुग्णालय बांधून त्यात देवाचे नाव कोरणे त्यांना सोपे गेले असते. त्यांनी गावकऱ्यांना विचारले की तुम्हाला काय हवे, आणि उत्तर आले : पाणी आणि अन्न. तेथून सुरुवात झाली. गावातल्याच स्त्रियांना, ज्यांत दलित आणि निरक्षर स्त्रिया पुष्कळ होत्या, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. डॉक्टरांकडे असलेले ज्ञान ज्यांना पायरीवरही कोणी उभे केले नसते अशा बायांच्या हाती दिले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि जामखेडची पद्धत पाहायला जगभरातून माणसे येऊ लागली. येशूने शिष्यांचे पाय धुतले आणि तुम्हीही असेच करा असे सांगितले, या आज्ञेचा विसाव्या शतकातला अर्थ जामखेडच्या मातीत वाचायला मिळतो. जे आपल्याकडे आहे ते वाटून स्वतःचे महत्त्व कमी करणे हाही देवाचा मान राखण्याचा मार्ग आहे, आणि हुशार माणसांना तो सर्वांत अवघड जातो.

अशा थोर चरित्रांचा एक धोका आहे. ती वाचून सामान्य माणूस खचतो. आपण ना रमाबाई, ना आरोळे. मग आपल्या जगण्याला काय हेतू असणार? मराठी ख्रिस्ती समाजाचा कणा मात्र निनावी माणसांचा आहे. खेडोपाडी फिरून बायांना अक्षरे शिकवणाऱ्या बायबलबाया, मिरज-जालन्याच्या मिशन रुग्णालयांत रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, तुटपुंज्या पगारावर चार-चार गावांच्या मंडळ्या सांभाळणारे पाळक, वसईच्या वाडीत पहाटे मिस्सा ऐकून भाजीच्या टोपल्या घेऊन बाजार गाठणाऱ्या स्त्रिया. यांच्यापैकी कोणाचे चरित्र लिहिले जाणार नाही. येशूने सांगितलेल्या दोन मुलांच्या दाखल्यात एक बापाला ‘जातो’ म्हणतो आणि जात नाही, दुसरा ‘जात नाही’ म्हणतो आणि पस्तावून द्राक्षमळ्यात कामाला जातो. बापाच्या इच्छेप्रमाणे कोण वागला, एवढाच तेथे प्रश्न आहे. मळ्यात किती पीक आले, हे दाखल्यात सांगितलेलेच नाही.

आणखी एका गोष्टीची जाणीव करून दिली पाहिजे. देवाचे ऐकले की सगळे सुरळीत होते, असे सांगणारी व्यासपीठे आज पुष्कळ आहेत. विश्वास ठेवा, आजार जाईल, कर्ज फिटेल, व्हिसा मिळेल. शुभवर्तमानात असा सौदा नाही. गेथशेमाने बागेत येशूने हा प्याला टळावा अशी विनवणी केली; प्याला टळला नाही. देवाच्या पुत्राचेच आज्ञापालन त्याला क्रूसापर्यंत घेऊन गेले, असे फिलिप्पैकरांस पत्रात पौल लिहितो, आणि त्यानंतरच तो त्याच्या उंचावण्याविषयी बोलतो. जो ऐकतो त्याला दुःख होणार नाही, असे नाही. त्याचे दुःख व्यर्थ जाणार नाही, एवढा भरवसा आहे. आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या आईला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे सांगणाऱ्याने देवाचे नाव व्यर्थ घेतले आहे, यात मला शंका नाही.

पुढील प्रकरणांची मांडणी याच क्रमाने आहे. आधी शास्त्रातला आधार, मग आज्ञापालनाच्या नावाने झालेल्या अन्यायांची मोकळी चर्चा, मग मराठी ख्रिस्ती जीवनांतली उदाहरणे, आणि शेवटी घर, पैसा, काम, विवाह आणि नागरिकत्व या क्षेत्रांत ऐकणे म्हणजे काय, याचा विचार. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोन्ही वाचक डोळ्यांपुढे आहेत. जे ख्रिस्ती नाहीत पण ज्यांना हा विचार समजून घ्यायचा आहे, त्यांच्यासाठीही दार उघडे आहे. त्यांनी सहमत व्हावे अशी अट नाही. मंडळीच्या अभ्यासगटात हे पुस्तक वाचले जाणार असेल तर एक विनंती आहे. गटात सर्वांत कमी बोलणाऱ्याला, विशेषतः स्त्रियांना आणि तरुणांना, आधी बोलू द्यावे. आज्ञापालनावरची चर्चा ज्येष्ठांच्या उपदेशाने सुरू झाली की ती तेथेच संपते.

युवक शिबिरातल्या त्या मुलामुलींना आणि त्यांच्यासारख्या प्रत्येक वाचकाला शेवटी एवढेच सांगायचे आहे. देवाची पुढची वीस वर्षांची योजना विचारण्याआधी, तुम्हाला आजच ठाऊक असलेली एखादी आज्ञा घ्या : कोणाचे देणे परत करायचे असेल, कोणाची क्षमा मागायची असेल, कोणावरच्या अन्यायाबद्दल तोंड उघडायचे असेल. ती या आठवड्यात पाळा. मग हे पुस्तक वाचायला घ्या.